मुळ्याचा वाफा आणि मुरलेलं खोटं

आमच्या ह्यांच्या मामांइतका कटकट्या माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून झाला नाही, आणि देवाला सुनांची थोडी जरी कणव असेल तर इथून पुढंही होणार नाही. हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे अगदीच रागानं म्हणत नाही. एकाहत्तर साल उजाडायच्या जरा आधी मामा सांगलीला आमच्याकडं आले. हे म्हणाले, "चार दिवस राहतील, मामी गेल्यापासून एकटे पडलेत." मी म्हटलं, राहू देत बिचारे. त्या 'बिचारे'ची शिक्षा मी पुढं जवळजवळ दोन वर्षं भोगली. परसात त्यांची बाग, पडवीत त्यांचा रेडिओ, आणि स्वयंपाकघरात तर ते स्वतःच! माझ्याच घरात मला टेकायला जागा उरली ती देवघरापुढची, आणि तिथंही ते वांग्याचं बी वाळत घालायचे.

मामा माण तालुक्यातले. त्यांच्या गावावर ढग "येत्यात, बघत्यात आन जात्यात" असं तेच सांगायचे. सगळी नोकरी सैन्यात, सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पोचवायच्या खात्यात झाली, सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले. पण लहानपणी कोसभर लांबून घागरी वाहिलेला माणूस तो. आमच्या परसातला नळ बघितला आणि त्यांचं डोकंच फिरलं. पहिल्या दिवशी नुसते नळापुढं उभे. सोडायचे, बंद करायचे, परत सोडायचे. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन सगळं परस उकरून काढलं. माझी सदाफुली गेली, गुलबक्षी गेली, तुळस तेवढी देवाधर्माची म्हणून वाचली. त्यांच्या जागी वांगी, मुळे, मिरच्या, घेवडा, दोडका, अळू. आणि घरातल्या पाण्याचा थेंब न् थेंब वाटून दिलेला. भांडी घासल्याचं पाणी वांग्याला, अंघोळीचं अळूला, तांदळाचं धुवण मिरचीला. एकदा मी घाईत तांदळाचं धुवण अळूवर ओतलं, तर मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सूनबाई, ह्याचं रॅशन त्याला दिलंस व्हय?" आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. खरं सांगते, तो दिवस फार सुखाचा गेला.

आल्यागेल्याला पाय धुवायला पाणी द्यायची आपली रीत. मामांनी त्या रीतीची पार वाट लावली. पाहुणा दारात आला की 'या, बसा' नाही, काही नाही. त्याला थेट परसात नेऊन मुळ्याच्या वाफ्यात उभं करायचे आणि हातात तांब्या द्यायचे. "ह्या कडंनं धुवा. आता दुसरा पाय जरा तिकडं. हां, त्यो कोपरा कोरडा राहिला बघा." माझा भाऊ वाईहून आला, त्याला बिचाऱ्याला तीनदा पाय धुवायला लावले, कारण त्या आठवड्यात पाहुणेच कमी आले होते. निवडणुकीत तर कहर झाला. एक उमेदवार मतं मागायला आले, अंगावर परीटघडीचं धोतर, मागं दहाबारा माणसं. मामांनी सगळ्यांना रांगेनं वाफ्यातून काढलं. मग ओट्यावर बसवून वांगं-भाकरी वाढली. उमेदवार घसा साफ करून म्हणाले, "आम्ही निवडून आलो की माणदेशात गावोगाव पाणी..." मामांनी त्यांच्या ताटात आणखी एक वांगं टाकलं. "आधी खावा. तोंडात घास हाय तवर माणूस खोटं बोलत न्हाई." उमेदवारांनी चार वांगी खाल्ली आणि न बोलता गेले. मामांनी मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुळे मात्र त्या महिन्यात हातभर लांब आले.

स्वयंपाकाचं काय सांगू? सिग्नलचा तंबू म्हणे कायम लंगराला, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराला लागून असायचा, म्हणून ही विद्या. पण माप पलटणीचं! आम्ही घरात तीन माणसं, मामा रांधणार चाळीस जणांचं. "मामा, जरा कमी करा हो" म्हटलं की ते पस्तिसांचं करायचे. उरलेलं सगळ्या आळीत वाटत फिरायची ड्युटी माझी. आणि मेलं, चव अशी की बोलायला तोंड उरायचं नाही. त्यातही एक हेका. चुलीवरचं कधी चाखून बघायचे नाहीत. मी म्हणायचे, "थेंबभर तळहातावर घेऊन बघा तरी." तर म्हणायचे, "चाखून बघायचं म्हंजी आपल्या हातावर आपला भरवसा न्हाई. मीठ हाताला कळतं." आणि खरंच, मीठ कधी कणभर इकडं नाही की तिकडं नाही. साऱ्या आळीला ते ठाऊक होतं. मी टपून बसलेली असायचे, कधीतरी चुकतील, कधीतरी मला बोलायला सापडतील. दोन वर्षांत एकदाच सापडले, आणि नेमकं तेव्हाच मला बोलता आलं नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझा खरा वैरी होता तो ट्रान्झिस्टर. मामांचं म्हणणं असं, की लढाई बंदुकीनं होते ती थोडी, बाकीची अफवेनं होते. आणि आपण पेन्शनीत गेलो म्हणून कान थोडेच पेन्शनीत गेलेत! म्हणून रोज संध्याकाळी वांगी परतता परतता ते तीन ठिकाणच्या बातम्या ऐकायचे. एक दिल्लीच्या, एक लंडनच्या, आणि एक सरहद्दीपलीकडच्या. त्यासाठी पडवीपासून पेरूच्या झाडापर्यंत एरियलची तार ताणली होती. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. मी भाजीला दोडका तोडायला गेले की आतून ओरडायचे, "हात लावू नगंस! लंडन जाईल!" शेवटी दोडके वेलावरच वाळले, आणि त्यांच्या जाळीनं आम्ही वर्षभर भांडी घासली.

पलीकडच्या बातम्यांना मामा चुलीपुढं बसून उत्तरं द्यायचे. खोट्याच्या तीन जाती त्यांनी ठरवल्या होत्या. पहिलं कच्चं. दिल्लीत म्हणे रस्त्यात माणसं उपाशी मरून पडलीत, असलं काही आलं की मामा उलथनं आपटून म्हणायचे, "कच्चं! दाताखाली कचकचतंया." दुसरं वाफवलेलं, म्हणजे वरून मऊ लागतं, पण आत गाठ. आणि तिसरं मुरलेलं. "त्येला लय भ्यायचं, सूनबाई. त्ये लोणच्यागत असतं. त्यात एक फोड खऱ्याची असती, बाकी समदा खार. फोड खरी लागली म्हणून माणूस खारबी पिऊन जातो." आपल्या बाजूच्या बातम्यांनाही सोडायचे नाहीत. हे एकदा म्हणाले, "मामा, निदान आपल्या रेडिओवर तरी विश्वास ठेवा." तर म्हणाले, "आपला हाय म्हणून जास्त बारीक चाळायचा. दुसऱ्याच्या पिठातला खडा दुसऱ्याच्या दाताखाली येतो, भाच्या." ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

त्या पावसाळ्यात आळीत हूल उठली की बाहेरच्या रेडिओवर सांगितलंय, आपल्याकडचं रॉकेल उद्यापासून बंद. झालं! बायामाणसं डबे घेऊन दुकानापुढं उभी. मामा उठले, आमच्या घरातला भरलेला डबा उचलला आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन बसले. "घ्या, ज्येला पायजे त्येनं घ्या. मला नगं, मला उद्या मिळणार हाय." दहाबारा जणांनी भरून घेतलं, मग कुणाला तरी वाटलं की हा म्हातारा इतका निवांत वाटतोय म्हणजे बातमीत दम नसावा, आणि रांग मोडली. दुसऱ्या दिवशी रॉकेल मिळालं ही गोष्ट खरी. पण त्या संध्याकाळी माझा स्टो पेटला नाही, हीही खरीच.

आता आक्काचं सांगते. आक्का आमच्या समोर राहायची. नवरा केव्हाच वारलेला, ती हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायची. बोटं बारा महिने पिवळी. तिचा एकुलता एक दत्तू. मामा राहायला यायच्या काही वर्षं आधी एकदा सणाला म्हणून चार दिवस आले होते, तेव्हा त्यांनी या पोराची छाती बघितली आणि भरतीचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं. आक्का तयार नव्हती. मामा दोन दिवस तिच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसले. "आक्का, पोरगं सोनं हाय. पाठव. माझ्या जबाबदारीवर पाठव." तिनं पाठवलं. तेव्हापासून दत्तूची पत्रं मी वाचून दाखवायचे, आणि मामा राहायला आल्यावर ते. पार्सलंही मग तेच करायचे. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर कांदा-लसणाची चटणी आणि डिंकाचे लाडू डब्यात भरले, वरून मांजरपाट शिवला, आणि पत्ता मी घातला. आक्काला अक्षर येत नव्हतं, पण त्या पत्त्यातला पलटणीचा आकडा ऐकून ऐकून पाठ झाला होता.

डिसेंबरात लढाई पेटली. मामांनी रेडिओचा आवाज वाढवला आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला.

त्या दिवशी मामा परसातल्या चुलीपुढं भरल्या वांग्याचं सारण कालवत होते. दाण्याचं कूट, तीळ, चटणी, गूळ घालून झालं होतं, मिठाचा डबा जवळ ओढलेला. आक्का पायरीवर घेवडा निवडत बसली होती. रेडिओवर पलीकडचा माणूस तारस्वरात सांगत होता, इतकी विमानं पाडली. "कच्चं," मामा म्हणाले. अमुक शहर जळतंय. "कच्चं." मग त्यानं आवाज खाली आणला आणि एका पलटणीचा आकडा घेतला. ती कुठल्या गावाजवळ होती, कुठल्या दिवशी गाठली, सगळं बैजवार सांगितलं, आणि म्हणाला, तिच्यातला एकही जवान वाचला नाही.

मी वाट बघत होते, मामा आता म्हणतील कच्चं, आता म्हणतील. त्यांचा हात परातीत तसाच राहिला होता. आक्का उठून उभी राहिली, ओच्यातल्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

"दादा, त्यो आकडा माझ्या दत्तूचा न्हवं?"

"आकडा त्येचाच हाय," मामा म्हणाले. "बातमी खोटी हाय."

"कशावरनं?"

"माझ्या जबाबदारीवर." आणि लगेच डाफरले, "त्या शेंगा गोळा कर आधी. आन घरी जाऊन चूल पेटवू नगंस, हितंच जेव."

आक्कानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बसून एकेक शेंग वेचली. इतका भरवसा मी देवावरही कुणाला टाकताना पाहिलेला नाही.

जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि थांबले. वांग्यात मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नव्हतं! माझा हात मिठाच्या डब्याकडं गेलासुद्धा. एवढे दिवस मी याच घटकेची वाट बघत होते ना? पण समोर आक्का बसली होती. डबा वाजला असता तर तिनं वर बघितलं असतं, आणि मामांचा हात चुकलाय हे तिला कळलं असतं. मग जबाबदारी कसली न् काय कसलं! मी हात मागं घेतला. इतक्यात हे म्हणाले, "अगं, आज वांग्याला..." मी ह्यांच्या ताटात भाकरी अशी आदळली की ते दचकलेच. "गरम आहे तोवर खा गुपचूप." आक्का खाली मान घालून जेवत होती. मामा जेवत होते. दोघांनाही काही कळत नव्हतं. मी ते अळणी वांगं शेवटपर्यंत खाल्लं, वर आणखी एक मागून घेतलं.

आक्का गेल्यावर मी मामांच्या मागं परसात गेले. "मामा, कुठल्या जातीचं होतं हो?" ते बादलीतून मिरचीला पाणी घालत होते, आणि ती बादली अळूची होती.

मग सुरू झाले ते दिवस मला आठवायलाही नकोत. लढाई थांबली, आळीत पेढे वाटले, आमच्याकडं मात्र ना पत्र ना तार. पलीकडच्या गल्लीत एका घरी तार आली, तिथला हंबरडा आमच्या पडवीपर्यंत ऐकू आला. मामा रोज टपालाच्या वेळेला झारी घेऊन फाटकाशी. पोस्टमनला वाफ्यात उभं करणं त्यांनी सोडून दिलं. तो थांबला तर काहीतरी बोलेल अशी धास्ती वाटायची बहुतेक. आक्का कामावरून आली की फक्त त्यांच्याकडं बघायची, मामा म्हणायचे, "खोटं हाय," आणि ती घरी जाऊन भाकरी थापायची. एक दिवस माझा तोल सुटला. म्हटलं, "तुम्हाला काडीइतकंही ठाऊक नाही! त्या बाईला असं झुलवताय, उद्या तार आली तर कोणत्या तोंडानं तिच्यापुढं जाल?"

मामा खुरपं खाली ठेवून बसले. "तार आली तर वाचून मीच दावणार न्हवं? मग घालू दे माझ्या तोंडात श्यान. तवर ती चार घास खातीया, त्ये खाऊ दे, सूनबाई."

मला इतका राग आला त्यांचा! आणि डोळ्याला पाणीही आलं. आत जाऊन उगाच डबे घासत बसले.

संक्रांतीच्या तोंडाला मी तीळ भाजत होते, तेव्हा कार्ड आलं. मामांनी ते हातात घेतलं, अक्षर बघितलं. दत्तूचं नव्हतं. वाचायच्या आधी त्यांनी आक्काला हाक मारली. मी म्हटलं, आधी मनातल्या मनात वाचा हो! त्यांनी मान हलवली, आणि आक्का येऊन उभी राहिल्यावर खणखणीत आवाजात वाचायला लागले. दत्तू लष्कराच्या इस्पितळात होता. उजव्या हाताला गोळी लागलेली, म्हणून कार्ड शेजारच्या खाटेवरच्यानं लिहिलेलं. पार्सल पोचलं, डबा चेपला होता, पण चटणी झकास होती. पुढची ओळ आली तेव्हा मामांनी एकदा आक्काकडं बघितलं, पण सिग्नलवाला माणूस, मधला शब्द गाळणं त्यांना ठाऊक नव्हतं. "आमच्यातले लय जण गेले. माझ्या तंबूतला मी एकटाच राहिलो."

आक्का हसली, रडली, कार्ड कपाळाला लावलं. तिच्या पिवळ्या बोटांचे ठसे त्याच्यावर उमटले. मग कार्ड खाली घेऊन म्हणाली, "दादा, त्या बाकीच्यांच्या आयांना कोण वाचून दावलं असंल?"

ती गेल्यावर मामा मला म्हणाले, "मुरलेलं हुतं. फोड खरी हुती." आणि त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला नाही. मला घर इतकं सुनं लागलं की मीच जाऊन लावला, लंडन की काय ते लागेना, खरखर तेवढी ऐकत बसलो.

त्याच वर्षी, बहात्तरला, पावसानं दगा दिला. माणात तर प्यायला पाणी उरलं नाही, दुष्काळी कामं निघाली. मामांनी वळकटी बांधली. हे म्हणाले, "या वयात तिकडं काय करणार?" तर म्हणाले, "खडी फोडणारी माणसं हायत चाळीस-पन्नास. त्यांला शिजवून घालायला कोण हाय?" आमच्या घरात ज्या मापाला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, त्या मापाची माणसं त्यांना सापडली होती. मुळे उपटून आळीत वाटून टाकले, बी पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिलं, आणि ट्रान्झिस्टर आक्काकडं ठेवला.

मी स्टँडवर पोचवायला गेले. मामा खिडकीशी बसले, गाडी सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"सूनबाई, एक इचारू? त्या दिवशी वांग्यात मीठ घातलं हुतं का गं मी?"

"घातलं होतं की!" मी म्हटलं. "अगदी बरोबर होतं."

मामांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "खोटं," म्हणाले, आणि हसले. खोटं ऐकून ते हसलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

गाडी गेली. मी चालत घरी आले, आणि घरात न जाता सरळ परसात जाऊन, रिकाम्या मुळ्याच्या वाफ्यात उभी राहून पाय धुतले. कोपरा कोरडा राहिला होता, तिथं जरा सरकून पुन्हा धुतले.